जमेची बाजू

बँकेत एकच रक्कम चुकून दोनदा नोंदली गेली तर तिला गफलत म्हणतात. तीच मुद्दाम दोनदा नोंदली तर अफरातफर म्हणतात. आणि कॅमेऱ्यात एकाच चौकटीवर मुद्दाम दोनदा फोटो काढला तर त्याला कला म्हणतात. तिन्ही ठिकाणी हाताची हालचाल साधारण सारखीच. फरक पडतो तो मागाहून येणाऱ्या माणसांत. पहिल्या वेळी मॅनेजर येतो, दुसऱ्या वेळी पोलीस येतात आणि तिसऱ्या वेळी शाल-श्रीफळ घेऊन कार्यकर्ते येतात.

वास्तविक कॉमर्सच्या पदवीधराला दोन नोंदींचे वावडे असायचे कारण नाही. त्याची सगळी विद्याच मुळी दोन नोंदींवर उभी आहे. १४९४ साली व्हेनिसमध्ये लुका पाचोली नावाच्या एका संन्याशाने गणितावरचा जाडजूड ग्रंथ छापला आणि त्यात द्विनोंदी पद्धत समजावून दिली. पद्धत त्याची नव्हे. व्हेनिसचे व्यापारी आधीपासून तसेच लिहीत होते. पण ज्याने घरदार सोडले आहे त्यानेच जमाखर्चावर लिहावे, हे मला फार योग्य वाटते. संसारी माणसाचे डोके महिन्याच्या वीस तारखेनंतर इतके शांत राहत नाही. पाचोलीबुवांचे सांगणे एवढेच, की प्रत्येक जमेला समोर कुठेतरी एक नावे पाहिजे.

फोटोच्या फिल्मचा कारभार याच्या उलटा आहे. तिच्या खात्याला एकच बाजू, ती म्हणजे जमेची. प्रकाश पडला की तो चांदीच्या क्षारांवर जमा होतो. पुन्हा पडला, पुन्हा जमा. काढून घ्यायची सोय नाही. आणि काळोखाची तर नोंदच होत नाही. चौकटीचा जो कोपरा काळोखात राहिला तो कोरा राहिला. त्यावर मागाहून काहीही लिहिता येते. पुढे या लेखात भुते येणार आहेत, एक फ्रेंच जादूगार येणार आहे, दादासाहेब फाळके येणार आहेत. ही सगळी मंडळी या एका नियमावर उभी आहेत, म्हणून तो आधीच सांगून ठेवला.

हा नियम मला बी.कॉम.ला कोणी शिकवला नाही. तो शिकवला भाच्याने. तो आर्किटेक्चर शिकतो, म्हणजे घर सोडून इतर सर्व गोष्टींत त्याला रस आहे. एका सुट्टीत तो होल्गा नावाचा कॅमेरा घेऊन आला. काळा, चौकोनी, हातात घेतला तर चण्याच्या पुडीएवढा हलका.

"मामा, हा सगळा प्लास्टिकचा आहे. भिंगसुद्धा."

"बॅटरी कुठे घालायची?"

"लागतच नाही. खटका दाबायचा, मग हे चाक फिरवून रीळ पुढे न्यायचं."

"आणि नाही नेलं तर?"

"तर त्याच फोटोवर दुसरा फोटो. तीच तर मजा आहे!"

सौभाग्यवतींनी कॅमेरा उलटासुलटा करून पाहिला आणि त्यांचे मत नोंदवले, "अहो, आपल्या बंडूचं पाण्याचं पिस्तूल याच्यापेक्षा मजबूत होतं."

पण या खेळण्याचे घराणे मोठे आहे. फोटोग्राफी हा आधी श्रीमंतांचा आणि पुढे धंदेवाल्यांचा उद्योग होता. १९०० साली कोडॅक कंपनीने ब्राउनी नावाचा पुठ्ठ्याचा पेटीकॅमेरा एका डॉलरला विकायला काढला आणि तो पोराटोरांच्या हाती गेला. १९३४ साली बेबी ब्राउनी आला. तो बेकेलाइटचा, म्हणजे आपल्या जुन्या काळ्या टेलिफोनच्या भावकीतला. किंमत तीच, एक डॉलर. या सगळ्या कॅमेऱ्यांत खटका वेगळा आणि रीळ फिरवायचे चाक वेगळे. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही, बोलणे नाही. सरकारी कचेरीतल्या दोन खात्यांसारखे.

महागड्या कॅमेऱ्यांना हा बेबंदपणा चालण्यासारखा नव्हता. १९२५ साली बाजारात आलेल्या जर्मनीच्या लायकात फिल्म पुढे सरकवल्याशिवाय खटका चढतच नसे. एका चौकटीवर एकच नोंद. मागाहून सगळ्या चांगल्या कॅमेऱ्यांनी हे कुलूप बसवून घेतले. गंमत पुढेच आहे. १९८० साली निकॉन कंपनीने आपला एफ-थ्री हा भारी कॅमेरा काढला तेव्हा त्यात मुद्दाम एक छोटी कळ दिली. ती दाबली की फिल्म न सरकवता खटका पुन्हा चढवता येई. म्हणजे गिऱ्हाइकाने आधी कुलपाचे पैसे भरायचे आणि मग किल्लीचे. स्वस्त कॅमेऱ्याला कुलूप परवडलेच नव्हते, म्हणून त्याचे दार कायम उघडे राहिले. गरिबीचे जे दोन-चार फायदे आहेत, त्यांत हा एक धरायला हरकत नाही.

साठीच्या दशकात हाँगकाँगच्या कौलून भागातल्या ग्रेट वॉल नावाच्या प्लास्टिक कारखान्याने डायाना नावाचा कॅमेरा काढला. तो जत्रेत बक्षीस म्हणून वाटण्याच्या लायकीचा, आणि तसा वाटलाही गेला. मधोमध जरा स्पष्ट, कडांना धूसर असे त्याचे फोटो. पण अमेरिकेतल्या नॅन्सी रेक्सरॉथ या बाईंनी त्याच धूसरपणातून ओहायोतली गावे टिपली आणि १९७७ साली 'आयोवा' नावाचे पुस्तक काढले. ते आजही नावाजले जाते. फोटो ओहायोचे आणि पुस्तकाचे नाव आयोवा, म्हणजे नावाच्या पातळीवरसुद्धा एकावर एक दोन नोंदी.

आमच्या भाच्याचा होल्गा हा डायानाचा धाकटा भाऊ. हाँगकाँगच्याच ली टिंग-मो यांनी तो १९८२ साली काढला. कँटनी भाषेतल्या 'हो ग्वाँग', म्हणजे 'लख्ख उजेड', या शब्दांवरून नाव पडले होल्गा. चीनमधल्या सामान्य माणसाला परवडावा हा हेतू. पण तिथला सामान्य माणूस लवकरच छोट्या पस्तीस मिलिमीटर फिल्मकडे वळला आणि होल्गा उरला कलावंतांसाठी. त्याच्या भिंगाभोवती अंतरासाठी चार चित्रे असतात: एक माणूस, दोन-तीन माणसे, घोळका आणि डोंगर. माणसाच्या आयुष्याचा इतका आटोपशीर नकाशा मी दुसरीकडे पाहिलेला नाही. शिवाय ऊन आणि ढग अशी दोन चित्रे असलेली एक खिट्टी असते. जुन्या होल्गांत ती खिट्टी ऊनवरून ढगावर नेली तरी आत काही म्हणजे काही बदलत नसे. आतले भोक तेवढेच राही. पुढे ती सुधारली, पण तोवर लाखो लोक तिच्यावर विसंबून फोटो काढत होते. तक्रारपेटीचे तत्त्व हेच आहे.

असल्या या कॅमेऱ्याने डेव्हिड बर्नेट या नामवंत वृत्तछायाचित्रकाराने अल गोर यांच्या प्रचाराचा फोटो काढला आणि २००१ साली व्हाइट हाउसच्या वृत्तछायाचित्रकारांच्या स्पर्धेत बक्षीस मिळवले. २०१५ साली होल्गाचे उत्पादन बंद पडले, २०१७ साली पुन्हा सुरू झाले. प्लास्टिक सहजी नष्ट होत नाही, हे पर्यावरणवाले सांगतात ते खोटे नव्हे.

आता भुतांकडे वळू.

दोनदा उघडण्याची युक्ती कॅमेऱ्याइतकीच जुनी. स्कॉटलंडचे शास्त्रज्ञ सर डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८५६ सालच्या आपल्या पुस्तकात भुताची पाककृतीच देऊन टाकली होती. त्या काळी काचेवर फोटो निघायचा आणि त्याला काही सेकंद लागायचे. तेवढ्यात पांढऱ्या कपड्यातला एक माणूस मध्ये येऊन क्षणभर उभा राहायचा आणि निघून जायचा. तो अर्धाच जमा व्हायचा. मागची खुर्ची त्याच्या पोटातून दिसायची. ब्रूस्टरसाहेबांच्या लेखी हा चार घटका करमणुकीचा खेळ होता. पण पाककृती एकदा छापली की स्वयंपाक कोण करील आणि पंगतीला कोण बसेल, यावर लेखकाचा ताबा राहत नाही.

बॉस्टनमध्ये विल्यम ममलर नावाचा एक नक्षीकाम करणारा कारागीर होता. १८६१-६२ च्या सुमारास त्याने स्वतःचा फोटो काढला, तर शेजारी एका मुलीची फिकट आकृती आली. ती बारा वर्षांपूर्वी वारलेली आपली चुलतबहीण आहे असे तो सांगू लागला. त्या काळी काच धुऊन पुन्हा वापरत; नीट धुतली गेली नाही तर आधीचे गिऱ्हाईक अंधूक राहून जाई. पण बातमी पसरली. ममलरने दर ठरवला दहा डॉलर, नेहमीच्या फोटोच्या कितीतरी पट, आणि वर अट अशी, की आत्मा येईलच अशी हमी नाही. पैसे मात्र आधी. आमच्या बँकेत हल्ली फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरांत जे छापलेले असते त्याचा मूळपुरुष हाच असावा.

यावर हसणे सोपे आहे. मीही हसलो. मग साल पाहिले. १८६१ ते १८६५ ही अमेरिकेच्या यादवी युद्धाची वर्षे. सहा लाखांवर माणसे मेली. पुष्कळांचे प्रेतही घरी आले नाही. ज्या घरातून मुलगा गेला त्या घरात त्याचा फोटो असेलच असे नाही. अशा आईला कोणी म्हणाला, की दहा डॉलरमध्ये तुझा मुलगा तुझ्या खांद्यामागे उभा करून देतो, तर ती काय त्याच्याकडे पावती आणि व्हाउचर मागणार आहे? बँकेत ज्या रकमेचा धनी सापडत नाही ती आम्ही सस्पेन्स खात्यात टाकतो. ममलरने लोकांच्या दुःखाचे सस्पेन्स खाते उघडले होते. अंधूक आकृती यायची आणि ज्याचे जे गेले ते त्याला त्यात सापडायचे.

पुढे बॉस्टनमध्ये बोभाटा झाला. एका फोटोतले भूत गावातल्याच हिंडत्या-फिरत्या बाईंचे निघाले. आपण मेलो नाही हे त्या बाईंना अर्थातच माहीत होते. ममलर न्यूयॉर्कला गेला. तिथे १८६९ साली त्याच्यावर फसवणुकीचा खटला झाला. सरकारपक्षाचा साक्षीदार कोण, तर पी. टी. बार्नम! ज्याने आयुष्यभर लोकांना माकडाला मासा जोडून जलपरी म्हणून दाखवली, तो सत्याच्या बाजूने पिंजऱ्यात उभा. त्याने बोगार्डस नावाच्या फोटोग्राफरकडून आपला फोटो काढवून घेतला होता आणि त्यात मागे खुद्द दिवंगत अध्यक्ष लिंकन हजर होते. हे किती सोपे आहे पाहा, असे त्याचे म्हणणे. तरी ममलर सुटला. यात लबाडी आहे याची माझ्या मनाला खात्री आहे, पण ती सिद्ध झालेली नाही, असे न्यायाधीश म्हणाले. ऑडिटरही आमच्याबद्दल पुष्कळदा असेच लिहून जातात.

आणि मग १८७२ च्या सुमारास काळा बुरखा घेतलेली एक बाई त्याच्याकडे आली. नाव बदलून आली, असे ममलर सांगे. ती होती मेरी लिंकन. नवरा शेजारी बसलेला असताना नाट्यगृहात गोळी घालून मारला गेलेला. चारांपैकी तीन मुलगे गेलेले. तो फोटो आजही आहे. बाई समोर बघत बसल्या आहेत आणि मागे फिकट लिंकन, दोन्ही हात त्यांच्या खांद्यांवर. खोटा फोटो आहे. पण त्यातला त्या बाईंचा चेहरा खोटा नाही, आणि तिथेच माझे हसू थांबते.

ही भुते पुढेही पन्नास-साठ वर्षे पुरली. इंग्लंडमध्ये विल्यम होप हा तोच धंदा करी. १९२२ साली हॅरी प्राइस या शोधकाने आपल्या काचांवर एक्स-रेने गुपचूप खूण करून नेली. होपने परत दिलेल्या काचेवर भूत होते, खूण नव्हती. तरीही होपच्या बाजूने हिरीरीने उभे राहिले ते सर आर्थर कॉनन डॉइल. बोटावरच्या तंबाखूच्या डागावरून माणसाची कुंडली सांगणाऱ्या शेरलॉक होम्सचे जन्मदाते! महायुद्धाच्या अखेरीस त्यांचा मुलगा गेला होता. होम्सला मूल नव्हते, हा दोघांतला फरक.

तीच युक्ती, पण सांगून-सवरून केलेली, बघायची तर फ्रान्समध्ये जावे लागते. झॉर्झ मेलिएस हा पेशाने जादूगार. १८९८ साली त्याने एका चित्रपटात स्वतःचे डोके उपटून टेबलावर ठेवले, मग दुसरे, मग तिसरे, आणि ती डोकी एकमेकांशी बोलू लागली. मागे काळा पडदा. काळोख जमा होत नाही, म्हणून काळ्या जागी पुन्हा फिल्म फिरवून नवे डोके जमा करायचे. १९०० साली त्याने सात मेलिएसांचा वाद्यवृंद काढला. सातही वादक तोच. म्हणजे एकाच फिल्मवर सात नोंदी. सातव्या वेळी जरा पाऊल चुकले, की आधीच्या सहाही बाद. संध्याकाळी टॅली न लागणे म्हणजे काय, हे ज्याला माहीत आहे त्याला त्या माणसापुढे टोपी काढावीशी वाटेल.

आपल्याकडचे दादासाहेब फाळके याच जातीचे. चित्रपटाआधी त्यांनी फोटोग्राफी केली आणि 'प्रोफेसर केळफा' या नावाने जादूचे प्रयोगही केले. केळफा म्हणजे फाळके उलटे. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' आला, काही वर्षांनी 'लंकादहन' आणि 'कालियामर्दन'. त्यांच्या पडद्यावर देव प्रकट होत, गुप्त होत, आणि प्रेक्षक हात जोडत. लोक हात जोडत होते ते देवाला. कॅमेऱ्याची करामत आहे हे तिकीट काढतानाच ठरलेले होते. ममलर आणि मेलिएस-फाळके यांत भिंगाचा, फिल्मचा किंवा हातचलाखीचा काही फरक नाही. एकाने व्हाउचर लपवले, दुसऱ्यांनी ते नोंदीला जोडून ठेवले. बस्स, एवढाच.

इतका अभ्यास झाल्यावर प्रयोग न करणे म्हणजे पुस्तक वाचून पोहणे. भाच्याने कॅमेरा ठेवून गेला होताच. बारा फोटोंच्या एका रोलला धुलाईसकट जे पैसे पडतात, त्यात आमच्याकडे पंधरा-वीस दिवसांचे दूध येते, हे सौभाग्यवतींनी हिशेब करून सांगितले. तेव्हा मी आधी कागदावर जमाखर्च मांडला. एका चौकटीवर दोन नोंदी म्हणजे प्रकाश दुप्पट. कृष्णधवल फिल्म स्वभावाने उदार असते, दुप्पट उजेड पचवते. चारपट झाला तर मात्र तिलाही ढेकर येतो. तिथे एक तर मंद फिल्म घालायची, नाहीतर मागे काळे धरायचे.

पहिला प्रयोग पांढऱ्या भिंतीपुढे. मी बाकाच्या डाव्या टोकाला बसलो, खटका. उजव्या टोकाला बसलो, पुन्हा खटका. धुऊन आल्यावर दोन्ही मी पारदर्शक. एकाच्या छातीतून बाकाच्या पट्ट्या आणि दुसऱ्याच्या पोटातून खिडकीचे गज दिसत होते. ब्रूस्टरसाहेबांचे म्हणणे तंतोतंत खरे. दुसरा प्रयोग गच्चीवर. कपडे वाळत घालायच्या तारेवर काळी घोंगडी टांगली आणि तिच्यापुढे हाच खेळ केला. यावेळी दोन्ही मी चांगले भरीव आले, समोरासमोर पत्ते खेळत. "एकानं भागत नव्हतं का?" एवढेच घरातून ऐकू आले.

तिसरा प्रयोग आईचा.

आमच्या घरी बाबांचा आगफाचा क्लिक थ्री होता. बारा चौकोनी फोटो, मागे आकडा दिसायला तांबडी खिडकी. घरातले सगळे फोटो त्यांनी काढले, म्हणून ते एकाही फोटोत नाहीत. काळ्या पानांच्या आल्बममध्ये आई आहे, ताई आहे, टोपरे घातलेला मी आहे. बाबा आहेत फक्त सावलीत. त्या कॅमेऱ्यांचा नियमच होता, की सूर्य पाठीशी घ्यावा. त्यामुळे संध्याकाळच्या फोटोत खालच्या कडेने एक लांब सावली आत आलेली असते, कोपरे बाहेर काढून काहीतरी डोळ्याशी धरलेली. ते आमचे बाबा. ते गेल्यावर भिंतीवर लावायला फोटो सापडेना, तेव्हा कचेरीच्या ओळखपत्रासाठी स्टुडिओत काढलेला मोठा करून घेतला.

आईला मी सगळे समजावून सांगितले. ममलरसुद्धा सांगितला. ती म्हणाली, "म्हणजे लबाडी ना?" मी म्हटले, "तुला सांगून करतोय." "मग असू दे," म्हणाली आणि पातळ बदलून आली. घोंगडीपुढे डाव्या बाजूला बसली. माणसे दोन-तीन, असे चित्र लावून खटका दाबला. मग बाबांची फ्रेम तिनेच पुसली, मी काच काढली, भोवतीने काळा कागद लावला आणि उजव्या बाजूला खुर्चीवर ठेवली. कॅमेरा जवळ नेला, एक माणूस असे चित्र लावले आणि पुन्हा खटका.

फोटो दहा-बारा दिवसांनी आला. कडा नेहमीप्रमाणे धूसर, आई जराशी हललेली, आणि तिच्या शेजारी ओळखपत्रातले, चाळिशीतले बाबा, आईपेक्षा तीस वर्षांनी लहान. कोणालाही फसवता येणार नाही असा फोटो. आईने चष्मा लावून तो पुष्कळ वेळ पाहिला.

"इतकं जवळ कधी बसायचे नाहीत," ती म्हणाली. मग आणखी थोडा वेळ पाहून तिने विचारले, "पण हे इथे बसलेत, तर मग फोटो कोणी काढला?"

मी काढला, असे सांगायला तोंड उघडले होते, पण ती उत्तराची वाट बघत नव्हती. फोटो तिने भिंतीवर लावला नाही. पासबुकाच्या प्लास्टिकच्या कव्हरात, आतल्या खिशात घालून ठेवला. पेन्शन काढायला काउंटरवर येते तेव्हा पासबुक तिच्याच हातात असते. नोंद करून घेण्यापुरते माझ्याकडे देते आणि लगेच परत मागून घेते.